ईमेलमधली माणसं हाताशी कशी ठेवायची: संपर्कयादी, सोशल प्रोफाइल आणि पाठपुराव्याच्या आठवणी

जीमेलमध्ये नवा मेल उघडून 'टू'च्या रकान्यात 'सुनील' टाइप करून बघा. सुनील फ्लेक्सवाला, सुनील सर, नुसताच सुनील, आणि एक असा सुनील ज्याचं नाव नाहीच, फक्त कंपनीचा पत्ता. यातला कोण मागे 'दिवाळी झाली की बोलू' म्हणाला होता? आठवत नाही. मग मेल जातो भलत्याच सुनीलला, किंवा जातच नाही.

मी पॅकेजिंग डिझाइनचं काम करते. गिऱ्हाईक म्हणजे मसालेवाले, काजूवाले, आंब्याच्या पेट्या पाठवणारे, दिवाळीचा फराळ विकणारे छोटे उद्योग. या लोकांना कोटेशन आवडलेलं असतं, 'पुढच्या महिन्यात आठवण करा' असं त्यांनी स्वतःच सांगितलेलं असतं, आणि पुढच्या महिन्यात आपण विचारतच नाही. काम जातं ते इथे. तुम्ही नव्यानेच स्वतःचा व्यवसाय सुरू केला असेल तर खालची मांडणी सुरुवातीलाच करून घ्या. एक-दोन माणसांच्या धंद्याला विकतचं सीआरएम (गिऱ्हाइकांच्या नोंदी आणि पाठपुरावा सांभाळणारं) सॉफ्टवेअर लागत नाही. जीमेल, गूगल कॉन्टॅक्ट्स आणि गूगल टास्क्स एवढ्यावर भागतं, आणि तिन्ही फुकट आहेत.

काय काय लागेल:
- धंद्यासाठी ठरवलेलं एकच गूगल खातं (घरचं वेगळं असेल तर उत्तम)
- संगणक किंवा लॅपटॉप. सफाईचं काम मोबाइलवर करू नका, डोकं फिरतं
- ज्या फोनमध्ये सगळे नंबर आहेत तो फोन
- लिंक्डइनचं खातं असल्यास त्याचा पासवर्ड
- व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा, असेल तर
- सलग एक मोकळी दुपार

१. आधी प्रत काढून ठेवा

ब्राउझरमध्ये गूगल कॉन्टॅक्ट्स उघडा आणि 'एक्स्पोर्ट' करा. तीन पर्याय दिसतील: गूगल सीएसव्ही, आउटलुक सीएसव्ही आणि व्हीकार्ड. (सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल.) गूगल सीएसव्ही घ्या, फाइलच्या नावात तारीख टाका आणि ती ड्राइव्हवर ठेवा. पुढे काही बिनसलं तर गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये 'अनडू चेंजेस' ही सोय आहेच; मागच्या ३० दिवसांतल्या कुठल्याही क्षणाची यादी तिच्याने परत आणता येते. पण आपली प्रत आपल्याकडे असलेली बरी.

इथला सापळा मराठी माणसासाठी खास आहे. ती सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. देवनागरीतल्या नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसू शकतात, आणि ९१ पासून सुरू होणारे मोबाइल नंबर '९.१९ई+११' असे आखडून बसतात. तशी फाइल सेव्ह केलीत की नंबर गेले. बघायचीच असेल तर गूगल शीट्समध्ये इंपोर्ट करा, आणि तिथेही 'कन्व्हर्ट टेक्स्ट टू नंबर्स' या चौकटीतली खूण काढून मगच.

२. सगळी माणसं एका खात्यात आणा

बहुतेकांचे नंबर तीन ठिकाणी विखुरलेले असतात: काही सिममध्ये, काही फोनच्या मेमरीत, काही गूगलवर. अँड्रॉइडवर कॉन्टॅक्ट्स अॅपमधून सिममधले नंबर गूगल खात्यात इंपोर्ट करता येतात. फोनच्या सेटिंग्जमध्ये गूगलच्या भागात डिव्हाइसवरचे नंबरही सिंक करायची सोय असते, ती चालू करा. नवा नंबर सेव्ह करताना कुठल्या खात्यात जातो तेही तिथेच बघून ठेवा. आयफोनवाल्यांनी कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट अकाउंट' म्हणून गूगल निवडायचं.

आता गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये डावीकडे 'अदर कॉन्टॅक्ट्स' बघा. तुम्ही ज्यांना ज्यांना कधी मेल पाठवला ते पत्ते तिथे आपोआप जमा झालेले असतात. ही अडगळीची खोली आहे, पण तिच्यात चांगल्या वस्तू निघतात. एकदाच मेल झालेला प्रिंटर, मागे चौकशी करून गेलेला बचत गट. कामाचे पत्ते मुख्य यादीत घ्या, बाकीचे राहू द्या. हा साठा आपोआप वाढायला नको असेल तर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'क्रिएट कॉन्टॅक्ट्स फॉर ऑटो-कम्प्लीट' बंद करता येतं. मी मात्र ते चालू ठेवते.

३. दुबार नावं जोडा, पण 'मर्ज ऑल' दाबू नका

'मर्ज अँड फिक्स'मध्ये गूगल एकसारख्या वाटणाऱ्या नोंदी जोडून दाखवतं. मोह होतो 'मर्ज ऑल' दाबायचा. आपल्याकडच्या छोट्या धंद्यांत बापलेक एकच ईमेल वापरतात, नवराबायकोचा दुकानाचा नंबर एकच असतो. सगळं एकदम जोडलंत तर ऑर्डर देणारा मुलगा आणि पैसे देणारे वडील एकाच नोंदीत जाऊन बसतात. एकेक बघून जोडा. दोन माणसं खरोखर वेगळी असतील तर वेगळी ठेवा, आणि दोन्ही नोंदींत 'रिलेटेड पर्सन' या रकान्यात एकमेकांची नावं लिहा.

४. नाव लिहायची एकच पद्धत ठरवा

'पाटील बॉक्स', 'पाटील कोल्हापूर', 'पाटील काका नवीन नंबर'. ही नावं फोन आल्यावर ओळखायला चालतात, मेलच्या कामाची नाहीत. तुम्ही मेल लिहिता तेव्हा 'टू'मधलं नाव जसंच्या तसं समोरच्याला दिसू शकतं. 'शिंदे उधारी' या नावाने सेव्ह केलेल्या माणसाला ते दिसलं तर काय होईल, विचार करा.

नावाच्या रकान्यात खरं नाव आणि आडनाव. कंपनीच्या रकान्यात धंद्याचं नाव. 'जॉब टायटल'मध्ये तो माणूस नेमकं काय ठरवतो ते: 'खरेदी बघतात', 'मालक', 'फक्त हिशेब'. औपचारिक हुद्द्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. लिपी एकच ठेवा. देवनागरीत ठेवायची तर सगळीच देवनागरीत, नाहीतर एकाच माणसाची दोन लिप्यांतली दोन नावं तयार होतात आणि शोधताना एकच सापडतं.

मग लेबलं, म्हणजे नोंदींचे गट करायला लावायच्या खुणा. ती कमी ठेवा. माझ्याकडे 'चालू गिऱ्हाईक', 'कोटेशन दिलंय', 'जुने', 'पुरवठादार' एवढीच आहेत. गावाप्रमाणे, मालाप्रमाणे, ओळखीप्रमाणे लेबलं करत बसलात तर ती लावायचा कंटाळा येतो आणि महिन्याभरात सगळं बंद पडतं.

५. सोशल प्रोफाइल जोडा, तेही हाताने

मेलचा पत्ता माणसाबद्दल फारसं काही सांगत नाही. तो माणूस सध्या कुठल्या कंपनीत आहे, त्याने नवीन माल काढलाय का, दुकान हलवलंय का, हे कळतं लिंक्डइनवर किंवा इन्स्टाग्रामवर. आमच्या धंद्यात तर इन्स्टाग्राम जास्त बोलका. काजूवाल्याने मसाला काजू बाजारात आणला की त्याच्या पेजवर आधी दिसतं.

हे काम आपोआप करणारी साधनं होती. रॅपोर्टिव्ह नावाचं एक होतं, २०१० मध्ये आलेलं; जीमेल उघडलं की उजव्या बाजूला मेल पाठवणाऱ्याचा फोटो, हुद्दा आणि सोशल खाती दाखवायचं. २०१२ मध्ये ते लिंक्डइनने घेतलं आणि पुढे त्याचं मूळ रूप राहिलं नाही. आउटलुकसाठी झोब्नी होतं. ते २०१३ मध्ये याहूने घेतलं आणि पुढच्याच वर्षी बंद केलं. गूगल प्लस या गूगलच्या सोशल साइटची प्रोफाइलं संपर्कयादीला जोडलेली असायची. सर्वसामान्य वापरकर्त्यांसाठी गूगल प्लसच एप्रिल २०१९ मध्ये संपलं. लिंक्डइनच्या मोफत खात्यात प्रत्येक ओळखीच्या माणसाबद्दल टिपण लिहून ठेवायची सोय होती, ती २०१७ मध्ये काढली. ज्यांनी आपली सगळी टिपणं अशा ठिकाणी ठेवली होती त्यांना ती उचलून दुसरीकडे न्यावी लागली, किंवा सोडून द्यावी लागली.

म्हणून माझा आग्रह असा की प्रोफाइलची लिंक स्वतःच्या संपर्कनोंदीतच लिहा. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये 'वेबसाइट' हा रकाना कितीही वेळा वाढवता येतो आणि त्याला हवं ते नाव देता येतं. एकाला 'लिंक्डइन', दुसऱ्याला 'इन्स्टा'. अशी जोडसाधनं (प्लगइन) येतील-जातील, सीएसव्ही काढलीत की ही लिंक तुमच्याबरोबर येईल.

लिंक घेताना:
- लिंक्डइनच्या पत्त्यात प्रश्नचिन्ह असेल तर त्याच्यापुढचं सगळं कापून टाका. तो शेपटीचा भाग कामाचा नसतो.
- इन्स्टाग्रामची नावं लोक बदलतात. लिंकबरोबर पेजचं पूर्ण नावही टिपणात लिहून ठेवा.
- एकाच नावाची माणसं ढिगाने असतात. कंपनी, गाव आणि फोटो यांतल्या दोन गोष्टी जुळल्याशिवाय लिंक लावू नका.
- व्हिजिटिंग कार्डावर क्यूआर कोड असेल तर आधी तो स्कॅन करा, शोधायचं काम वाचतं.

मेलचा पत्ता किंवा नंबर टाकून फेसबुकवर माणूस शोधायची जुनी युक्ती कुणी सांगितली तर वेळ घालवू नका. केंब्रिज अॅनालिटिका या कंपनीने फेसबुकवरच्या लोकांची माहिती परस्पर वापरल्याचं प्रकरण उघड झाल्यावर, एप्रिल २०१८ मध्ये फेसबुकने ती सोय बंद केली.

सोशल साइटवर 'तुमची संपर्कयादी अपलोड करा, ओळखीचे लोक शोधून देतो' असा प्रश्न येतो. 'नको' म्हणा. २०२१ मध्ये फेसबुकच्या ५३ कोटींहून जास्त लोकांची माहिती उघड्यावर आली, ती नंबरांवरून माणसं शोधून देणाऱ्या अशाच सोयीचा गैरवापर करून गोळा केलेली होती. तुमच्या यादीतल्या लोकांनी नंबर तुम्हाला दिलाय, तुमच्यामार्फत आणखी कुणाला दिलेला नाही.

लिंक्डइनवरच्या ओळखी उलट दिशेने मात्र आणता येतात. सेटिंग्जमध्ये 'डेटा प्रायव्हसी', तिथे 'गेट अ कॉपी ऑफ युअर डेटा', त्यात फक्त 'कनेक्शन्स' निवडा. थोड्या वेळाने फाइल तयार झाल्याचा मेल येतो. तिच्यात नाव, प्रोफाइलची लिंक, कंपनी, हुद्दा आणि ओळख झाल्याची तारीख असते. ईमेलचा रकाना बराचसा रिकामा दिसेल. ज्यांनी परवानगी दिली त्यांचेच पत्ते येतात, तुमचं काही चुकलेलं नाही. फाइलच्या सुरुवातीला लिंक्डइनची सूचना असलेल्या दोन-तीन ओळी असतात. त्या काढल्याशिवाय गूगलमध्ये इंपोर्ट केलंत तर रकाने जुळत नाहीत. आणि सगळी फाइल ओतू नका. ज्यांच्याशी खरोखर काम आहे तेवढ्याच ओळी ठेवा.

६. टिपणाचा रकाना: तीन ओळी, जास्त नाही

सगळ्या मांडणीत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो 'नोट्स'चा रकाना. तो बहुतेकांचा रिकामा असतो. प्रत्येक कामाच्या माणसासाठी तीन गोष्टी लिहा: ओळख कशी झाली, शेवटचं काय बोलणं झालं, पुढे काय आणि कधी. नमुना:

"मालवणच्या प्रदर्शनात भेट, स्टॉल शेजारी होता. / १२ सप्टेंबर: कोकम सरबताच्या लेबलचं कोटेशन पाठवलं, दर जास्त वाटतोय म्हणाले, २५० मिलीची बाटली ठरलेली नाही. / पुढे: बाटली ठरली का ते दसऱ्यानंतर विचारायचं."

एवढं वाचून फोन केला की समोरच्याला पहिल्या वाक्यापासून कळतं, या बाईंना आपलं काम माहीत आहे. नवीन बोलणं झालं की मधली ओळ बदलायची, तारीख टाकायची. जुना इतिहास मेलमध्ये असतोच, तो इथे परत उतरवू नका.

तब्येत, जात, घरगुती भांडणं असलं काही टिपणात लिहू नका. हा फोन कधीतरी दुसऱ्याच्या हातात जाणार आहे.

७. आठवण लावा

टिपणातली 'पुढे' ही ओळ तुम्हाला हाक मारत नाही. त्यासाठी तीन साधनं आहेत आणि तिघांची कामं वेगळी आहेत.

*स्नूझ:* थोड्या दिवसांचा पाठपुरावा असेल तर. कोटेशन पाठवलं की 'सेंट'मध्ये जाऊन तोच मेल उघडायचा आणि घड्याळाच्या चिन्हावर टिचकी मारून तारीख द्यायची. त्या दिवशी तो मेल इनबॉक्समध्ये वर येतो. मेल पाठवला की लगेच स्नूझ करायचा, ही सवय लागली की अर्धं काम झालं. फोनवर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'स्वाइप अॅक्शन्स'ला स्नूझ लावून घ्या, बोट सरकवलं की झालं.

*टास्क्स:* महिन्यांच्या अंतराचं काम असेल तर. मेल उघडून 'अॅड टू टास्क्स' केलं की त्या मेलची लिंक असलेलं काम तयार होतं आणि तारीख दिली की गूगल कॅलेंडरमध्येही दिसतं. दरवर्षी फिरून येणारी कामं इथे लावा. आमच्याकडे हापूसच्या पेट्यांसाठी डिसेंबरात विचारावं लागतं. मार्चमध्ये आंबा बाजारात असतो आणि पेटीचं डिझाइन आधीच दुसऱ्याने केलेलं असतं. फराळाच्या डब्यांसाठी गणपतीच्या आधी. तुमच्या धंद्याचा असा पंचांग वेगळा असेल, तो एकदा बसून लिहून काढा आणि टास्कला 'रिपीट' लावून टाका.

*नज:* जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'जनरल'खाली 'नजेस' असतं. चालू असेल तर उत्तर न आलेला मेल जीमेल स्वतःच काही दिवसांनी वर आणतं आणि 'फॉलो अप?' असं विचारतं. चालू ठेवा, पण भरवसा ठेवू नका. कुठला मेल वर आणायचा हे तेच ठरवतं.

बूमरँगसारखं बाहेरचं साधन 'उत्तर आलं नाही तरच आठवण कर' असंही करू शकतं, आणि ते खरंच सोयीचं आहे. मोफत खात्यात महिन्याला मोजकेच मेल मिळतात. असं कुठलंही साधन जोडताना ते तुमचे मेल वाचायची परवानगी मागतं, हे लक्षात असू द्या. वापर थांबवल्यावर नुसतं एक्स्टेन्शन काढून भागत नाही. गूगल खात्याच्या 'सिक्युरिटी' विभागात जाऊन थर्ड पार्टी अॅप्समधून त्याची परवानगीही काढायची.

काही निसटलंय का ते बघायला शोधपट्टीत इंग्रजी अक्षरांत 'इन', कोलन, 'सेंट' असं टाका, जागा सोडून 'ओल्डर', अंडरस्कोअर, 'दॅन', कोलन, ७ आणि 'डी'. आठवड्याहून जुने पाठवलेले मेल समोर येतात. मी सोमवारी सकाळी चहा पिताना ही यादी वरवर चाळते.

८. पाठपुराव्याचा मेल कसा लिहायचा

जुन्याच मेलला 'रिप्लाय' करा आणि विषयाची ओळ बदलू नका. बदलली की जीमेल नवी साखळी सुरू करतं आणि कोटेशन कुठेतरी खाली राहतं.

'सहज आठवण म्हणून' एवढंच लिहिलेल्या मेलला उत्तर द्यायला समोरच्याकडे काही नसतं. त्याला एका ओळीत उत्तर देता येईल असा प्रश्न विचारा:

"नमस्कार साहेब, सरबताच्या लेबलचं कोटेशन १२ तारखेला पाठवलं होतं. बाटली २५० मिलीची ठरली की २०० ची, एवढं कळवलंत तर मी मापं धरून ठेवते. छपाईला साधारण किती दिवस लागतील तेही मग सांगता येईल."

दुसऱ्यांदा मेल नको, फोन करा. तिसऱ्यांदाही उत्तर नसेल तर लेबल 'जुने', आणि सहा महिन्यांनंतरची टास्क. मार्चअखेरीला हिशेबवाल्यांना आणि दिवाळीच्या आठवड्यात कुणालाच पाठपुरावा करू नका.

थकलेल्या बिलाचा पाठपुरावा मात्र वेगळा. त्याची तारीख बिल पाठवतानाच लावायची. तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल तर २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या, कायद्यानुसार लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी थकवलेली रक्कम मोठ्या गिऱ्हाइकाला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी दाखवता येते. त्यामुळे त्यांच्या सीएलाही तुमच्या बिलाची काळजी असते. बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि माल किंवा काम पोचल्यापासून दहाव्या आणि चाळिसाव्या दिवसाच्या टास्क लावा.

९. एक धोका दिवाळीत

लेबलं झाली की 'टू'मध्ये लेबलचं नाव टाइप करून त्यातल्या सगळ्यांना एकदम शुभेच्छा पाठवता येतात. तेव्हा ते नाव 'बीसीसी'मध्येच, म्हणजे मिळणाऱ्यांची नावं एकमेकांना न दाखवणाऱ्या रकान्यातच टाका. 'टू'मध्ये टाकलंत तर तुमची सगळी गिऱ्हाइकं एकमेकांना दिसतात, आणि त्यांतले दोघे एकाच बाजारातले स्पर्धक असतात. वर कुणीतरी 'रिप्लाय ऑल' करून 'आपणांसही' लिहितं, ते वेगळंच. साध्या जीमेल खात्यातून एका दिवसात ५०० पत्त्यांच्या वर मेल जात नाही, तेव्हा मोठी यादी असेल तर दोन दिवसांत विभागा.

१०. दुसरं माणूस कामाला आलं की

साध्या खात्यातली संपर्कयादी दुसऱ्याबरोबर वाटून घेता येत नाही. ती सोय पैसे भरून घेतलेल्या गूगल वर्कस्पेसमध्ये मिळते. स्वतःचा पासवर्ड मात्र मदतनिसाला देऊ नका. वर्कस्पेस घेईपर्यंत एक गूगल शीट पुरते: नाव, धंदा, प्रोफाइलची लिंक, शेवटचं बोलणं, पुढची तारीख, कोण बघणार. 'पुढची तारीख'च्या रकान्यावर सॉर्ट लावा म्हणजे आज कुणाला फोन करायचा ते सगळ्यात वर येतं. मोबाइल नंबराचा रकाना आधीच 'प्लेन टेक्स्ट' करून घ्या.